दहिवर, पाणीटंचाई आणि मावा : लडाखच्या परसबागेतील हिवाळा

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दृष्टीने थंडीचे दिवस म्हणजे भाजीपाल्याचा सुकाळ. मेथी, पालक, कोबी, फ्लॉवर यांची बाजारात रेलचेल असते आणि भाव पडल्याची तक्रारही याच दिवसांत ऐकू येते. लेह परिसरातील कुटुंबाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. सुमारे ३,५०० मीटर उंची, वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य आणि हिवाळ्यात उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणारा पारा. जोझिला घाट बर्फाने बंद झाला की ताजी भाजी विमानाने येते आणि तिचा दर सामान्य घराला परवडत नाही. पूर्वी हे महिने जमिनीत पुरून ठेवलेली गाजरे, बटाटे, कोबी आणि वाळवलेल्या पालेभाज्या यांवर निघत. हिरवे पान चार-पाच महिने ताटात येत नसे.

आज अनेक घरांच्या अंगणात पॉलिथिनने झाकलेला खंदक किंवा दक्षिणेकडे तोंड असलेले मातीच्या भिंतींचे हरितगृह दिसते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची लेह येथील प्रयोगशाळा आणि काही स्वयंसेवी संस्था यांनी या तंत्रावर दीर्घकाळ काम केले आहे. प्रस्तुत लेखिका कीटकशास्त्राची अभ्यासक असल्याने तिचे लक्ष रोपांपेक्षा रोपांवरील किडींकडे अधिक जाते, हे आरंभीच मान्य केलेले बरे. परंतु थंडी, पाणी आणि कीड हे तीन विषय तेथे वेगळे करताच येत नाहीत.

दोन संकटे, दुखणे एकच

दहिवर पडल्यावर पान का मरते? पेशी आतून गोठून फुटतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बर्फ बहुधा प्रथम पेशींच्या बाहेरील पोकळीत तयार होतो आणि तो पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, आवरण फाटते, आणि सकाळी ऊन लागताच पान उकडल्यासारखे काळपट होऊन लोंबते. म्हणजे गोठून मरणारे पान एका अर्थाने तहानेनेच मरत असते. म्हणूनच पाण्याचा हलका ताण सोसलेले आणि हळूहळू थंडीला सरावलेले रोप दहिवरातही अधिक तग धरते. अशा रोपाच्या पेशींत शर्करा व प्रोलीन यांचे प्रमाण वाढलेले असते. थंडी खाल्लेला पालक गोड लागतो तो यामुळेच.

याउलट भरपूर नत्र आणि भरपूर पाणी देऊन लुसलुशीत वाढवलेले रोप दोन्ही बाजूंनी मार खाते. त्याची कोवळी ऊती दहिवराला लवकर बळी पडते आणि त्याच्या रसातील मुक्त अमिनो आम्ले माव्याला मेजवानी ठरतात. हिवाळी परसबागेत पूर्ण कुजलेले खतच वापरावे व युरियाचा मोह टाळावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

तापमापकाविषयी एक सूचना. निरभ्र व वाराविरहित रात्री पान आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करीत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन ते चार अंशांनी थंड होते. हवेचे तापमान ३ अंश असतानाही पानावर दहिवर धरू शकते. निफाड किंवा महाबळेश्वर परिसरातील वाचकांनाही हा अनुभव असेल. तापमापक डोक्याच्या उंचीवर न टांगता पिकाच्या उंचीवर ठेवावा.

खंदकाची रचना

जमिनीचा खालचा थर हवेच्या तुलनेत फार सावकाश थंड होतो. सुमारे तीन फूट खोल खंदक घेतला की पिकाला या थराची ऊब मिळते आणि बोचऱ्या वाऱ्यापासून आपोआप आडोसा होतो. वर पॉलिथिन, आणि रात्री त्यावर जुनी घोंगडी किंवा जाड कापड. हे रात्रीचे पांघरूण अत्यावश्यक आहे, कारण साधे पॉलिथिन दिवसाचे ऊन आत घेते तसे रात्रीची उष्णताही बाहेर जाऊ देते. त्याच्या आतल्या बाजूस साचलेले दव काही प्रमाणात ही गळती रोखते, पण तेच थेंब पानांवर पडून बुरशीला निमंत्रण देतात.

खंदकाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. येथे एक साधे गणित मांडते. लेह ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ३२ अंश वर असतो. पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. तीन फूट खोल उभ्या भिंतीची सावली अशा सुर्यात जवळपास पावणेपाच फूट पडते. खंदकाची रुंदी दहा फूट असेल तर भर दुपारीही निम्म्याच्या आसपास तळ दक्षिण भिंतीच्या सावलीत राहतो! म्हणून दक्षिणेचा काठ उतरता छाटावा, पीक उत्तर भिंतीकडे घ्यावे आणि सावलीच्या पट्ट्यात पायवाट ठेवावी. अनेक खंदक मी असे पाहिले की ज्यांत दक्षिणेकडील ओळी खुरटल्या होत्या आणि घरचे लोक बियाण्याला दोष देत होते.

एकाच पाण्याची दोन कामे

हिवाळ्यात पाट गोठतात. पाणी हातपंपावरून किंवा झऱ्यावरून बादलीने आणावे लागते आणि त्यात आधी स्वयंपाक, मग जनावरे, शेवटी भाजी असा क्रम असतो. सुदैवाने झाकलेल्या खंदकात बाष्पीभवन झालेले पाणी बरेचसे आतच परतते, त्यामुळे गरज उघड्या वाफ्यापेक्षा बरीच कमी असते. तरीही नेमका वाफसा राखावा. कोरडी माती उष्णता कमी साठवते आणि रात्री लवकर गारठते, तर चिखल झालेल्या मातीत मुळे गुदमरतात.

मला सर्वांत उपयुक्त वाटलेली युक्ती काळ्या रंगाच्या पिंपाची आहे. उत्तर भिंतीलगत, उन्हात, २०० लिटरचे पाण्याचे पिंप ठेवावे. दिवसभर तापलेले हे पाणी रात्री १० अंशांनी थंड झाले तर सुमारे ८,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. म्हणजे एक किलोवॅटचा हीटर सव्वादोन तासांहून अधिक काळ चालवल्याइतकी. तेच पाणी मग उशिरा सकाळी, कोमट असताना, झारीने मुळांशी द्यावे. बर्फागार पाणी मुळांना धक्का देते. पिंप काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पिंप फुटते. जितके पाणी काढले तितके त्याच दिवशी पुन्हा भरले, तर दोन्ही कामे अखंड चालतात.

मातीचे मडके पुरून पाझर देण्याची आपल्याकडील पद्धतही खंदकात चालते, मात्र आतील तापमान शून्याखाली जाणार नाही याची खात्री असेल तरच. उघड्यावर मडके पहिल्याच कडक रात्री तडकेल.

ऊब सर्वांनाच मिळते

काही वर्षांपूर्वी लेहजवळच्या एका गावात मी एका कुटुंबाला सल्ला दिला होता की, जानेवारी-फेब्रुवारीत खंदकाच्या झडपा शक्यतो उघडू नयेत, एकेक अंश मोलाचा आहे. उष्णतेचे गणित बरोबर होते. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा गेले तेव्हा पालकाची पाने चिकट, वळलेली, आणि त्यांच्या खालच्या बाजूस हिरवट माव्याचा थर. त्याच खंदकाच्या कडेला उन्हाळी हंगामासाठी कोबी व ढोबळी मिरचीची रोपे टाकलेली होती. त्यांच्यावरही मावा पोहोचला होता. पालक गेला तर एका हिवाळ्याची भाजी जाते, रोपे गेली तर वर्षाचे पीक जाते. कीटकशास्त्रज्ञ असून ही चूक माझ्या हातून व्हावी, याची खंत आजही वाटते.

कारण पुस्तकात होते. हिरवा मावा, म्हणजे मायझस पर्सिकी, सुमारे ४ अंशांवरच वाढू लागतो. त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांची वाढ मात्र साधारण १० अंशांच्या वर सुरू होते आणि दिवस आखूड झाले की ते दगडांच्या फटींत एकत्र जमून निद्रिस्त होतात. त्यामुळे ६-८ अंशांच्या खंदकात शत्रू जागा असतो आणि मित्र झोपलेले असतात. उघड्यावर हाच मावा पीचसारख्या झाडांवर अंड्यांच्या रूपात हिवाळा काढतो. खंदकात त्याला अंडी घालण्याची गरजच उरत नाही. माद्या नराविना थेट पिल्लांना जन्म देत राहतात.

त्या घरच्या आमा-ले (आईच्या वयाच्या स्त्रीला तेथे आदराने असे म्हणतात) माझ्याइतक्या हताश झाल्या नाहीत. त्यांनी पालक मुळासकट काढून जनावरांना घातला. रोपे मात्र फेकू दिली नाहीत. बिनसुगंधी साध्या साबणाचे पातळ द्रावण, लिटरला सुमारे ५ ग्रॅम, परातीत करून आम्ही प्रत्येक रोप मातीच्या गोळ्यासह उलटे धरून पाने बुडवली, आणि थोड्या वेळाने कोमट पाण्यात निथळली. आधी चार रोपांवर एक दिवस परीक्षा घेतली होती. पाणी जड असेल तर साबणाचा परिणाम घटतो, म्हणून वितळवलेला बर्फ वापरला. साबणाचे पाणी खंदकात ओतले नाही. दोनदा, आठवड्याच्या अंतराने, हा उपद्व्याप केला. बहुतेक रोपे वाचली.

फवारणीविषयी विस्तार कार्यकर्त्यांना नेहमी विचारले जाते. पान तोडून रोज खाण्याच्या भाजीवर आंतरप्रवाही कीटकनाशक वापरू नये. थंडीत त्याचे अवशेष विघटित होण्यास अधिक वेळ लागतो. निंबोळी तेल गारठ्यात घट्ट होते व पाण्यात नीट मिसळत नाही, ते कोमट करूनच घ्यावे लागते.

खरा उपाय पिकाच्या आखणीत आहे. एका मोठ्या खंदकाऐवजी दोन लहान खंदक घ्यावेत. एकातील पीक संपले की तो पूर्ण रिकामा करावा, तण व पडलेली पानेही वेचावीत, आणि कडाक्याच्या थंडीत काही रात्री पॉलिथिन उघडे ठेवावे. अन्न नाही आणि गोठणारी थंडी, यांपुढे मावा टिकत नाही. तोवर दुसरा खंदक घराला भाजी देतो. उन्हाळी रोपे नेहमी अशा शुद्ध केलेल्या खंदकातच टाकावीत. झडपा मध्यान्ही अर्धा-पाऊण तास उघडाव्यात, तीनच्या सुमारास बंद कराव्यात. दर चार दिवसांनी पाने उलटी करून पाहावीत. सुरुवातीचा मावा बोटाने चिरडता येतो.

बर्फ वितळण्याआधीचे दिवस

लडाखमध्ये पाण्याची खरी ओढ लागते ती एप्रिल-मे महिन्यांत, कारण उंचावरील हिमनद्या जूनच्या सुमारास वितळू लागतात आणि पेरणी त्याआधी उरकावी लागते. हे अंतर भरून काढण्यासाठी अभियंता चेवांग नोर्फेल यांनी गावाजवळच्या सावलीतील ओढ्यांत हिवाळ्यातच पाणी थरांथराने गोठवण्याचे तंत्र रुजवले. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे शंकूच्या आकाराचे हिमस्तूप हे त्याच विचाराचे पुढचे रूप. गावातील पाळीपाळीने पाणीवाटप मात्र आजही ‘चुरपोन’ पाहतो आणि परसबागेच्या वाट्याला फारसे येत नाही.

नेमक्या याच वेळी रोपे बाहेर लावली जातात आणि रोपे कुरतडणारी अळी रात्री बाहेर पडते. भरपूर पाणी दिले असता ती वर येते व पक्षी तिला टिपतात. पाणी तोडके असेल तर ती कोरड्या थराखाली दडून खोड जमिनीखालीच कापते. त्यामुळे टंचाईच्या वर्षी तिचा उपद्रव अधिक जाणवतो. जमीन गोठण्यापूर्वी, शरदातच, वाफे खोल खणून ठेवल्यास अळ्या व कोष उघडे पडतात. लावणीच्या वेळी प्रत्येक रोपाभोवती डब्याच्या पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे चार बोटे उंच कडे करून निम्मे मातीत रोवावे. त्या आमा-लेंनी दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे यासाठी वर्षभर जमवून ठेवले होते. त्याच कड्यात ओंजळभर पाणी ओतले की ते वाहून न जाता थेट मुळांशी मुरते.