समुद्राकाठी घर बांधणाऱ्या नातवाला

पोरा, आपलं ईट भूम तालुक्यातलं, समुद्र इथून रात्रभराच्या वाटेवर. पण उमेदीची वर्षं मी श्रीवर्धन-दापोलीकडं बांधकामावर मुकादमी केली, त्या बळावर सांगतो.

आधी भरतीरेषा बघ. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेप्रमाणं विरळ वस्तीच्या गावात त्या रेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम साधारणपणे करता येत नाही. मंजूर नकाशावर आपला गट नंबर कुठं पडतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय इसार देऊ नको.

तू दाखवलेलं सपाट छपराचं, काचेचं पांढरं घर देखणं आहे. पण कोकणात पाऊस आपल्या चौपट, आणि तो पश्चिमेकडून आडवा येतो. साधेपणाच्या नावाखाली छपराचा उतार आणि पडवी कापू नको. चौपाखी छप्पर घाल, पश्चिमेला खोल पडवी ठेव, मोठ्या काचा तिच्या आत घे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत शिरलं, तेव्हा कौलं आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. म्हणून वासे नुसते टेकवायचे नाहीत, भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टनं आवळायचे.

खरा वैरी खारा वारा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. सळईवर निदान 45 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर हवं, लाटांचे तुषार येत असतील तर 50. स्लॅब भरायच्या दिवशी स्वतः उभा राहा, कव्हर ब्लॉक हातानं हलवून बघ. खाऱ्या विहिरीचं पाणी ना मालाला, ना क्युरिंगला. एका घरात मी यावर गप्प बसलो होतो. काही वर्षांतच तिथल्या तुळया उकलल्या. ते मला अजून सलतं.

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या कर, आतूनही उघड्या ठेव. हा दगड उघड्यावर राहून कडक होतो. त्याला ना गिलावा, ना दर दोन वर्षांनी रंग. लोखंडी ग्रिल, झुंबरं, पत्र्याची कपाटं, जे गंजेल ते घरात आणूच नको. कमी सामान म्हणजे काय ते आपल्या माळवदाच्या घरात तू बघितलंस: भिंतीतले कोनाडे, चार खुंट्या, एक उतरंड. ती सवय तिकडं ने. माळवद मात्र नेऊ नको. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड छपरांनी किती माणसं गाडली, ते मी बघितलंय.

समोरचं सुरूचं बन आणि वाळूवरचे वेल तोडू नको, वारा आणि वाळू तेच अडवतात.

पहिला पावसाळा घर रिकामं ठेव. ओल कुठून येते ते भिंती दाखवतील. तेव्हा मला बोलाव, मी येतो.