पुडीच्या आधी भाकर

बायांनो, दादांनो, लावणी उरकली. आता भात पोटरीला येईपर्यंत हाताला जरा उसंत असते, म्हणून आजच बसून बोलू. शेणव्याच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांवरची तुमची पोरं माझ्यापुढे पाटी घेऊन बसली. काहींच्या आयाही बसल्या होत्या. त्या हक्काने बोलते.

परवा मधल्या सुट्टीत खिचडी वाढत होतो. सगळी पोरं ताटं घेऊन रांगेत, दुसरीतला एक मात्र भिंतीला टेकून बसलेला. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "भूक नाय बाई." हात पाहिला. बोटांच्या टोकांना केशरी मसाला, नखांच्या कडांतही बसलेला. नखं मात्र कागदासारखी पांढरी. खालची पापणी हलकेच ओढून पाहिली, आत लाली औषधालाही नव्हती. दप्तरात दोन रिकाम्या पुड्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी त्याच्या आईला गाठलं. ती म्हणाली, "काय करू बाई, सकाळी सहाला मी कामाला निघते. त्याला चहा-बटर देते, शाळंत जाताना दहा रुपये देते. भाकर तो खातच नाय." तिला रागावणं मला जमलं नाही. अशीच चूक मी स्वतः केली आहे. कितीतरी वर्षं पाढे पाठ म्हणणाऱ्या पोराला मी बिस्किटांचा पुडा बक्षीस देत आले. खाऊ म्हणजे दुकानातला, आणि घरातली ती नुसती भाकर, हे पोरांच्या मनात बसवायला माझाही हात लागला. आता मी शेंगदाणे आणि गुळाचा खडा देते. पण तेव्हाची पोरं मोठी होऊन आईबाप झाली, आणि त्यांच्या घरात तोच पुडा आला, हे मला रोज दिसतं.

पुडीत विष असतं असं मी सांगणार नाही, ते खरं नाही. खोड वेगळीच आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. 20 धडधाकट माणसांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद अन्न दिलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर मांडलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं माप दोन्ही वेळा सारखं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटाच्या पंधरवड्यात माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, त्यांचं वजन जवळजवळ एक किलो वाढलं. ती भरभर खात होती. दाताला काम नाही, घास तोंडात विरघळतो, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला पोचेपर्यंत हात पुन्हा पुडीत गेलेला असतो.

एका वडिलांनी हे ऐकून मला विचारलं, "आमची पोरं तर काटकुळी. त्यांना चार घास जास्त गेले तर बरंच नाही का?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर नेपाळात सापडतं. काठमांडू खोऱ्यातल्या वर्ष-दोन वर्षांच्या बाळांच्या खाण्याची नोंद संशोधकांनी घेतली. बिस्किटं, पुड्या, गोड पेयं यांतूनच त्या बाळांना दिवसाच्या ऊर्जेचा सरासरी चौथा हिस्सा मिळत होता. ज्यांचा हा वाटा सर्वांत मोठा, त्यांच्या पोटात लोह, कॅल्शियम, जस्त कमी पडत होतं, आणि त्यांची उंचीही वयाच्या मानाने कमी भरत होती. बाळाचं पोट केवढं? त्याच्याच मुठीएवढं. त्यात आधी बिस्किट गेलं की वरणाला जागा उरत नाही. मोठा माणूस पुडीने फुगतो आणि लहान मूल त्याच पुडीने खुंटतं.

दहा रुपये रोज म्हणजे महिन्याचे 300. अंडं सात रुपयांचं धरलं तर त्यात 40 च्या वर अंडी येतात. घरात दोन पोरं असली तरी दोघांना आठवड्यातून पाच दिवस एकेक अंडं पुरतं. हा हिशेब मी त्या आईपुढे मांडला तेव्हा ती बराच वेळ बोटं मोजत राहिली.

आता थोडं मागे, पोटातल्या बाळापर्यंत जाऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बाया शेतात राबणाऱ्या, तुमच्यासारख्याच. त्या काय खातात, किती खपतात, आणि त्यांची बाळं कशी जन्मतात, हे त्यांनी पाहिलं. ती बाळं मोठी झाली तरी अभ्यास थांबला नाही. बाळांचं जन्माचं वजन सरासरी 2.7 किलो निघालं, तेव्हा इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन होतं. पण आपलं बाळ दिसायला बारीक असलं तरी त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. स्नायू कमी, चरबी जास्त. शहापूरला साखर तपासायला जाणारे आजी-आजोबा मला नेहमी विचारतात, "आम्ही कधी जाड नव्हतो, गोडही फार खाल्लं नाही, मग साखर कुठून आली?" त्यातला काही भाग त्यांच्या आईच्या पोटातून आलेला असू शकतो.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी. आईने किती पोटभर खाल्लं यापेक्षा तिच्या ताटात हिरवा पाला, फळं आणि दूध किती वेळा आलं, याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध जास्त घट्ट निघाला. तसंच, ज्या गरोदर बाया जास्त खपत होत्या, पाण्याच्या खेपा घालत होत्या, त्यांची बाळं हलकी जन्मली. दादांनो, हे वाक्य तुमच्यासाठी. हंडा तुम्ही उचललात तर तेही बाळाला जेवू घालणंच आहे.

आणि हिरवा पाला तर आपल्या दाराशी उगवतो! पाऊस लागला की वाडीच्या बाया डोंगरातून शेवळं आणतात, टोपलीत शेजारी काकडाची आंबट फळं ठेवतात. शहरातली माणसं गाडी थांबवून, घासाघीस करून ती नेतात. माझी आई शेवळं करायची तेव्हा मी तिच्या बाजूला बसायचे. बाहेरचं पातं उघडायचं, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं, आणि काकड ठेचून त्याचा रस घालायचा. आंबट पडल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. वर मूठभर सुकट. शेवळांखेरीज टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, करटोली, पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर आठवड्याला ताटातली भाजी बदलायची. आज वाडीतल्या बाया हीच भाजी विकून त्याच पैशांचं बटर घरी नेतात. मीठ-तेलाला पैसा लागतोच, विकू नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच म्हणते, दहा जुड्या बाजारात जातील तेव्हा एक चुलीवर राहू द्या.

वरकस जमिनीवरची नागलीही अशीच कमी होत गेली. भात हे आपलं दैवत, त्याच्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण 100 ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम 7-8 मिलिग्रॅम असतं आणि तेवढ्याच नागलीत 360 च्या आसपास. हा फरक थोडाथोडका नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 650 मिलिग्रॅम लागतं. नागलीच्या दोन मध्यम भाकऱ्यांनी त्यातलं निम्मं भागतं. काळी भाकरी पोरं नाकारतात, खरं आहे. मग तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा नागली मिसळा आणि हळूहळू वाढवा. किंवा सकाळी आंबील करा, ताकातली, मीठ घातलेली. चहाच्या भांड्यातच होते, वेळही तेवढाच लागतो.

चहावरून आठवलं. हा मुद्दा मी हट्टाने सांगणार, कारण यात एक पैसा खर्च नाही. चहातला तुरट अंश भाजी-भाकरीतलं लोह पकडून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचा निम्म्याहून मोठा वाटा वाया जाऊ शकतो. तोच चहा तासाभराने घेतला तर नुकसान बरंच कमी होतं. लिंबू, आवळा, कैरी यांच्या आंबटपणाने उलट घडतं, लोह अंगी लागतं. चहात भाकरी बुडवून खाणारं पोर म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने टाकणं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 100 बालकांपैकी जवळजवळ 69 बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असं 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. कारणं अनेक आहेत, जंत आहेत, हिवताप आहे. पण लहान मुलाच्या कपातला चहा हे एक कारण तरी आपल्याला आजच काढून टाकता येतं.

एका बाबतीत मात्र आपण पुण्याकडच्या त्या खेड्यांपेक्षा नशीबवान. तिथल्या जवळजवळ दोन तृतीयांश गरोदर बायांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ते पालेभाजीत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. आपल्याकडे पहिल्या पावसात वळगणीचे मासे, ओढ्यातले मुठे, वर्षभर जवळा आणि सुकट. ओवरीत टांगलेली ती जवळ्याची पिशवी पाहुण्यांसमोर लपवू नका. मला मात्र एक गोष्ट खुपते, मुठ्यांच्या कालवणाचं भांडं आधी पुरुषांपुढे जातं आणि गरोदर सुनेच्या वाट्याला रस्सा उरतो. सासूबाईंनो, एवढं वाढणं तुमच्या हातात आहे.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये 2006 पासून एक प्रयोग झाला. लग्न झालेल्या, दिवस न गेलेल्या बायांना रोज एक खाऊ दिला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा असलं काही. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी पाल्याचा खाऊ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. गरोदरपणातली साखर 100 पैकी 12 जणींऐवजी सातच जणींना झाली. 48 ग्रॅम म्हणजे फार नाही, मी वाढवून सांगत नाही. आणि अगदी हडकुळ्या बायांच्या बाळांच्या वजनात तेवढाही फरक पडला नाही. म्हणजे आधी पोट भरलं पाहिजे, मग पाला काम करतो. म्हणूनच अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण मिळतं, त्याला अमृत आहार म्हणतात, ते लाजेखातर सोडू नका. डबा घरी आणून सगळ्यांत वाटूनही टाकू नका. ते जेवण तिचं आहे.

नव्याने लग्न झालेल्या मुली शाळेत भेटायला येतात तेव्हा मी त्यांच्याशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलते, तसंच आता भाजीबद्दलही बोलते. दिवस राहिल्यावर ताट सुधारायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

उरलं भट्टीचं. दिवाळी झाली की तुमच्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर निघतील, भिवंडीकडे, कल्याणकडे, त्याही पलीकडे. तिथे ना परस, ना ओढा, आणि दुकान मात्र भट्टीच्या तोंडाशी. मुकादमाच्या उचलीतून पुडी लगेच मिळते, भाजी आठवड्याने. मी तुम्हाला जाऊ नका म्हणू शकत नाही. पण बोचकं बांधताना चार गोष्टी त्यात पडू द्या. नागलीचं पीठ पाच किलो. जवळा, कोरडा, भाजून डब्यात भरलेला. शेवग्याचा पाला आत्ता उतरवून सावलीत वाळवा, हाताने चुरा करा. वरणात, पिठात, कशातही चमचाभर टाकता येतो, आणि चव बिघडत नाही. चौथं म्हणजे बाळाचं लसीचं आणि वजनाचं कार्ड. भट्टीजवळच्या अंगणवाडीत जाऊन ते दाखवा, मूल परगावचं असलं तरी त्याचं नाव तिथे लागतं, आहार मिळतो. बाई नाही म्हणाली तर पुन्हा जा.

त्या दुसरीतल्या पोराच्या आईने मागच्या सोमवारपासून डबा द्यायला सुरुवात केली आहे. रात्रीची भाकरी तव्यावर कडक केलेली, आत शेंगदाण्याची चटणी. पहिले दोन दिवस ती भाकरी दप्तरात तशीच परत गेली. तिसऱ्या दिवशी त्याने शेजारच्याला अर्धी दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. दहाच्या नोटेऐवजी आता पाच रुपये येतात. काल ते त्याच्या मुठीत खिचडीच्या सुट्टीपर्यंत तसेच होते.