काशी हिंदू विश्वविद्यालयाचे ग्रंथालय : संग्रह, वास्तू आणि व्यवस्था

काशीच्या भोसले घाटावरून नावेने दक्षिणेकडे जाऊ लागले म्हणजे मराठी दातृत्वाची खूण पावलोपावली आढळते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात उभारलेला हा घाट व त्यावरील लक्ष्मीनारायणाचे मंदिर, त्यानंतर शिंदे घाट, पुढे अहल्याबाई घाट. हे सारे दान पाषाणरूप आहे. अस्सी मागे टाकून विश्वविद्यालयाच्या परिसरात आले की त्याच दातृत्वाचे निराळे रूप दिसते. तेथील ग्रंथालयास सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे.

काशीत ग्रंथसंग्रहांची वाण कधीच नव्हती. सतराव्या शतकात गोदातीराहून आलेल्या कवींद्राचार्य सरस्वतीचा संग्रह विख्यात होता. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर शाहजहानकडून माफ करविणारा हाच तो संन्यासी. परंतु त्याच्या पश्चात संग्रह विखुरला. त्याच्या नावाची खूण असलेल्या पोथ्या दूर बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आढळतात. त्याच्या ग्रंथांची म्हणून प्रसिद्ध असलेली सूची १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत छापली गेली. सूची हाती आली, संग्रह नाही. मालकाच्या हयातीपुरती शाश्वती असणे, हा खाजगी संग्रहाचा मूळचा दोष होय.

न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ साली निवर्तले तेव्हा त्यांच्या ग्रंथांचेही असेच झाले असते. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा, ‘मुद्राराक्षसा’चे संपादन करणारा आणि लेसिंगचे ‘नेथन द वाइज’ हे नाटक मराठीत आणणारा हा विद्वान अवघ्या त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य जगला. त्यांचे चिरंजीव प्रा. पी. के. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ आपला संग्रह दिला व १९१७ साली, कमच्छा येथील सेंट्रल हिंदू कॉलेजच्या तेलंग दालनात, नव्या विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयास आरंभ झाला. प्रारंभीच्या काळात इतिहासकार यदुनाथ सरकार यांनी त्याची जोपासना केली. १९२१ साली ग्रंथालय नव्या परिसरातील कला महाविद्यालयाच्या मध्यवर्ती दालनात गेले. पुढेही देणग्या येत राहिल्या. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचा संग्रह त्यांपैकीच. १९३१ पर्यंत ग्रंथसंख्या सुमारे साठ हजारांवर पोहोचली.

त्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीय गोलमेज परिषदेनिमित्त लंडनला गेले. तेथील ब्रिटिश म्यूझियमचे घुमटाखालील भव्य वाचनदालन त्यांच्या मनात भरले व त्याच धर्तीवर काशीत वास्तू उभारावी असे त्यांनी योजिले. द्रव्य सयाजीरावांनी दिले. १९१० पासून आपल्या संस्थानात गावोगाव मोफत ग्रंथालयांचे जाळे विणणाऱ्या या राजाकडे ते मागितले गेले, यात नवल नाही. वास्तू १९४१ साली वापरात आली. दाता दोन वर्षांपूर्वीच दिवंगत झाला होता.

ग्रंथ होते, घरही मिळाले; पण नाना दात्यांकडून आलेल्या ग्रंथांमधून वाचकास नेमके हवे ते कसे सापडावे? १९४५ साली मद्रास विद्यापीठातील दीर्घ सेवा संपवून शि. रा. रंगनाथन काशीत आले व हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. ग्रंथालय ही सतत वाढणारी सजीव संस्था असते, हा सिद्धांत त्यांनी १९३१ सालीच मांडला होता. १९४७ साली दिल्लीला जाईपर्यंत त्यांनी सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण बहुतांशी एकहाती केले. या ग्रंथालयाच्या वाढीची खरी वर्षे मोजायची तर ही दोन मोजावी लागतील. नवे ग्रंथ किती आले यापेक्षा जुने ग्रंथ प्रथमच वाचकाच्या हाती लागण्याजोगे झाले, ही गोष्ट मोठी आहे.

साहित्याच्या अभ्यासकास रंगनाथनांच्या द्विबिंदू पद्धतीतील एक योजना विशेष उद्बोधक वाटेल. तीत वाङ्मयाची विभागणी भाषा, वाङ्मयप्रकार, ग्रंथकार व कृती या क्रमाने होते आणि ग्रंथकाराचा अंक त्याच्या जन्मवर्षावरून ठरतो. त्यामुळे मराठी काव्याच्या फळीवरून हात फिरविला तरी कालानुक्रम आपोआप उलगडतो. शिवाय एखाद्या कृतीवरील टीकाग्रंथ त्या कृतीलगतच येतात. अर्थात आधुनिक कवींच्या बाबतीत हे जितके सुकर, तितके संतकवींच्या बाबतीत नाही. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ साली काशीतच पूर्ण केली, हे निश्चित; जन्मवर्षाविषयी मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. ज्ञानेश्वरांचे जन्मवर्ष कोणी १२७१ मानतात, कोणी १२७५. संशोधकांस तळटीप देऊन हा वाद खुला ठेवता येतो. ग्रंथपालास ती सवलत नाही. पोथी फळीवर लावण्यापूर्वी त्याला एक अंक घालावाच लागतो.