डेमो फुकट, वेळ आपला

नोकरी नांदेडला, घर लातूरला आणि रात्री जेवणं उरकली की जमेल तेव्हा तासभर गेम, असं माझं बऱ्याच वर्षांपासून चाललंय. मी काही स्पर्धेत उतरणारा खेळाडू नाही. डोकं मोकळं व्हावं, एखादी चांगली गोष्ट अनुभवायला मिळावी, एवढ्यासाठी खेळतो. हजार-दोन हजारांचा गेम घ्यायचा म्हटलं की हात आखडतो, म्हणून आधी डेमो आणि मग खरेदी हा शिरस्ता. त्यातून बरंच शिकायला मिळालं, काही धक्केही बसले. लातूरच्या हॉस्टेलवर राहणारा माझा भाचा आणि त्याचे मित्र आता या नादाला लागलेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे.

डेमोची चाल जुनी आहे. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' काढला, तेव्हा त्याचा पहिला भाग फुकट वाटायला दिला होता. लोकांनी तो एकमेकांना उतरवून द्यावा आणि आवडला तर पुढचे भाग पैसे भरून मागवावेत, असा तो हिशेब. आपल्याकडे डेमो आले ते मासिकांच्या सीडीवरून. 'डिजिट'सारख्या मासिकाबरोबर सीडी यायची, तीत गेमचे डेमो असायचे. मासिक एकाने घ्यायचं आणि सीडी साऱ्या गल्लीत फिरायची. डेमोतली एकच शर्यत इतक्यांदा खेळून व्हायची की तिच्यातलं प्रत्येक वळण पाठ असायचं. तेव्हा डेमो थोडे होते आणि वेळ भरपूर होता. आता नेमकं उलट झालंय.

कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानांत स्टीम सर्वांत मोठं. २०१९ च्या अखेरीस त्यांनी डेमोंचा उत्सव सुरू केला. २०२१ पासून तो 'नेक्स्ट फेस्ट' नावाने ओळखला जातो. साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा, आठवडाभर तो चालतो आणि अलीकडे एकेका उत्सवात दोन हजारांहून जास्त गेम असतात. आपल्या मुलांच्या वर्षात हे आठवडे कुठे येतात ते पाहा. फेब्रुवारी म्हणजे बारावीची बोर्डाची परीक्षा. जून म्हणजे प्रवेशाची धावपळ आणि नव्या बॅचेस. ऑक्टोबर म्हणजे सहामाही. लातूरच्या ट्यूशन एरियातला किंवा नांदेडच्या भाग्यनगरातला मुलगा याच दिवसांत सर्वांत जास्त ताणाखाली असतो, आणि समोर दोन हजार दारं एकदम उघडी होतात.

"मामा, फुकट आहे की. काय जातंय?" असं भाचा म्हणतो. जातो तो वेळ. डेमो अर्ध्या तासाचा असला तरी तो शोधणं, उतरवणं, सेटिंग लावणं आणि बंद पडला तर का पडला हे धुंडाळणं यात संध्याकाळ निघून जाते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं: उत्सवाच्या आठवड्यात परीक्षा असेल तर तिकडे फिरकूच नका. जो गेम मनात भरला तो विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. बरेच डेमो उत्सव संपल्यावरही राहतात, आणि गेम तर पुढे येणारच असतो. मोकळा वेळ असेल तेव्हासुद्धा दोन-तीन डेमो आधीच निवडा आणि तेवढेच उतरवा.

उतरवण्याआधी आकार बघा. रोज दोन जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दहा जीबींचा डेमो लावला, की अर्ध्यातच डेटा संपतो आणि त्या दिवशीच्या ऑनलाइन लेक्चरलाही तो पुरत नाही. हॉस्टेलच्या सामायिक वायफायवर रात्री असं डाउनलोड लावणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मुलाचा टेस्टचा पेपर अडकवणं. दुकानाच्या पानावर किती जागा लागते आणि किमान कुठलं मशीन लागतं, हे दोन्ही लिहिलेलं असतं. ते वाचायला मिनिट लागत नाही.

आता डेमोचा खरा उपयोग सांगतो. कंपनीचा व्हिडिओ तिच्या मशीनवर चालतो, डेमो आपल्या मशीनवर चालतो. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम आठ जीबी. एक डेमो सकाळी सुरेख चालला. तोच मे महिन्यातल्या दुपारी लावला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, लाईट गेलेली, खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर. दहा मिनिटांत लॅपटॉपचा फॅन घरघरायला लागला, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट टेकवेना, आणि पात्र धावायचं सोडून टप्प्याटप्प्याने सरकायला लागलं. बिघाड काही नव्हता. प्रोसेसर ठराविक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि बॅटरीवर तर बहुतेक लॅपटॉप मुळातच हात राखून काम करतात. म्हणून मराठवाड्यात डेमोची परीक्षा उन्हाळ्याच्या दुपारीच घ्यावी. त्यातल्या सर्वांत गर्दीच्या प्रसंगी, सर्वांत जास्त मारामारी चाललेली असताना काय होतं ते बघावं. तिथे टिकला तर वर्षभर टिकेल.

दुसरी परीक्षा सेव्हची. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर लाईट जाताच सगळं काळं होतं. गेम आपोआप सेव्ह करतो का, किती अंतराने करतो, मध्येच हवा तेव्हा सेव्ह करता येतो का, हे डेमोतच तपासता येतं. रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाला याचं मोल फार. मधूनच उठावं लागलं तर मागचा अर्धा तास पुन्हा खेळायला लावणारा गेम कितीही सुंदर असला तरी आपल्या कामाचा नाही. अक्षरांचा आकार आणि आवाज बंद ठेवून कथा कळते का, हेही तेव्हाच बघून घ्यावं. घरात सगळे झोपलेले असतात.

डेमोवरून पूर्ण गेमचा अंदाज बांधताना मात्र जपावं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण इथे शीत निवडून दिलेलं असतं. सुरुवातीचा तास सर्वांत जास्त घासून-पुसून ठेवायचा, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. मी घेतलेल्या एका गेमचा डेमो अप्रतिम होता. पूर्ण गेम तिसऱ्या तासानंतर तेच ते काम पुन्हा पुन्हा करायला लावू लागला. तोवर परताव्याची संधी गेली होती. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तरच सहसा पैसे परत मिळतात. तेव्हा डेमो कितीही आवडला तरी पहिल्याच दिवशी घेऊ नये. गेम शेवटपर्यंत खेळलेल्यांचे अभिप्राय यायला आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढं थांबावं, आणि अभिप्रायांत 'पुढे पुढे' काय होतं तेच शोधावं.

दुसऱ्याने खेळून दाखवलेला डेमो हा तर डेमोच धरू नये. 'सायबरपंक २०७७'चा लांबलचक व्हिडिओ २०१८ साली बाहेर आला आणि जग खुळं झालं. १० डिसेंबर २०२० ला गेम आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. उलट उदाहरणंही आहेत. 'बलाट्रो' हा एकाच माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम. २०२४ च्या फेब्रुवारीत तो आला, त्याआधी लोकांनी त्याचा डेमोच तासन्‌तास खेळला होता, आणि महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'चा डेमो तर जवळजवळ दहा तास चालतो आणि त्यातली प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे नेता येते. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो असा हात मोकळा सोडतो.

आता ज्या गोष्टीने मला खरी काळजी लावली तिच्याकडे येतो. भाच्याच्या हॉस्टेलमधल्या एका मुलाला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ओळखीच्या मित्राच्या खात्यावरून निरोप आला: मी छोटा गेम बनवलाय, डेमो खेळून कसा वाटतो ते सांग. सोबत पासवर्ड लावलेली झिप फाईल आणि 'अँटीव्हायरस उगाच अडवतो, थोडा वेळ बंद ठेव' अशी सूचना. मुलाने मित्राला मदत म्हणून ती उघडली. पडद्यावर काहीच आलं नाही. सकाळपर्यंत त्याचं डिस्कॉर्ड आणि गेमचं खातं दोन्ही हातचं गेलं होतं, आणि त्याच्या नावाने तोच निरोप त्याच्या सगळ्या मित्रांना गेला होता. मित्राचं खातंही आधी असंच चोरलेलं होतं. अशा फायली ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड आणि चालू असलेलं लॉगिनच उचलून नेतात, म्हणून ओटीपी विचारला जात नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

मोठ्या दुकानातही डोळे मिटून चालत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम स्टीमवर आला आणि त्यात चोरी करणारा प्रोग्राम निघाला. मार्चमध्ये 'स्नायपर: फँटम्स रेझोल्यूशन'च्या पानावरून डेमोसाठी लोकांना बाहेरच्या साइटवर पाठवलं जात होतं, तिथेही तोच प्रकार. दोन्ही स्टीमने काढून टाकले, पण तक्रारी झाल्यावर. म्हणून नियम साधा ठेवा. डेमो दुकानातल्याच बटणाने उतरवायचा. बाहेरच्या लिंकवर जा म्हटलं की पान बंद करायचं. अँटीव्हायरस बंद करायला सांगणारा मित्र असला तरी आधी त्याला फोन करून विचारायचं. फसगत झालीच, तर त्या मशीनचं इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदला, 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' करा आणि विंडोज नव्याने टाका. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. आणि पालकांनो, अशा वेळी मुलावर ओरडू नका. रागाच्या भीतीने मुलं चोरी लपवतात आणि ते दोन-तीन तास चोराच्या पथ्यावर पडतात.

डेमोचा वेश घेऊन येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पैसे लावून खेळायच्या ॲपची 'फुकट प्रॅक्टिस'. तिथे सुरुवातीला मिळणाऱ्या पॉइंटांमुळे आपल्याला हे जमतंय असं वाटायला लागतं, आणि पुढची पायरी खिशातल्या पैशांची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या अशा ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. तरीही लिंक फिरत राहतात. गेमचा डेमो आपल्याकडून बँक खातं, केवायसी किंवा यूपीआय पिन कधीच मागत नाही. मागितला, की तो डेमो नव्हे हे समजून जा.

एवढं सगळं सांगूनही मुलांना डेमोपासून तोडा असं मी म्हणणार नाही. डेमोला शेवट असतो, हा त्याचा मोठा गुण. मोबाईलवरचे कधीच न संपणारे, रोज बक्षिसासाठी बोलावणारे गेम मुलांचं जेवढं नुकसान करतात तेवढं अर्ध्या तासात 'इथे डेमो संपला' असं सांगणारा गेम करत नाही. मात्र तो संपला की उठायचं, लगेच दुसरा लावायचा नाही आणि खेळून झालेला डेमो त्याच रात्री काढून टाकायचा, एवढी शिस्त घरात ठरलेली असावी.

उठण्याआधी आणखी एक काम करा. डेमोबद्दल चार ओळी लिहा. आता स्टीमवर डेमोसाठी स्वतंत्रपणेही अभिप्राय देता येतो. कुठे अडखळला, कुठल्या मशीनवर चालवला, काय समजलं नाही, हे स्पष्ट लिहा. आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी'सारखा गेम जगापुढे ठेवला. उद्या नांदेड-लातूरचीही मुलं गेम बनवतील. आठ जीबी रॅमच्या मशीनवर, मेच्या उन्हात काय होतं हे बनवणाऱ्यांना आपणच सांगू शकतो, आणि ते ऐकलं गेलं तर पुढचा गेम आपल्याही मशीनवर नीट चालेल.