ताप गेला, हिमोग्लोबिन मात्र उतरत राहिलं

डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलं होतं, 'प्रकृती समाधानकारक'. त्याखाली शक्तीच्या गोळ्या आणि 'गरज वाटल्यास भेटावे'. ज्या इंजेक्शनने माझ्या धाकट्या भावाचा जीव वाचवला, त्याच्यानंतर महिनाभर रक्त तपासत राहावं लागतं, हे कार्डावर नव्हतं आणि तोंडीही कुणी सांगितलं नाही. माझा राग त्यावर आहे. इंजेक्शनवर नाही. हे आधीच स्पष्ट करते, कारण आमची हकिगत ऐकून नात्यातले दोघं-तिघं 'मग ते आर्टेसुनेट नकोच' म्हणाले, तेव्हा मला धस्स झालं.

भाऊ भामरागडकडे वनरक्षक आहे. पावसाळ्यात तिकडे पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम मलेरिया, काही नवा नाही. पण या वेळी ताप डोक्यात गेला. तो बरळायला लागला, झटके आले, आणि आम्ही त्याला एका मोठ्या खासगी रुग्णालयात हलवलं. तिथे शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं. पहिल्या डोसनंतर बारा तासांनी दुसरा, चोवीस तासांनी तिसरा, मग रोज एक. तो शुद्धीवर आला. पुढे गोळ्यांचा कोर्स झाला, प्रायमाक्विन झालं आणि तो चंद्रपूरला माझ्याकडे आला. इथवर माझी काहीही तक्रार नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनी तर जिवापाड केलं.

आमच्या वडिलांना त्यांच्या वेळी मलेरियावर क्विनाइनचं सलाइन लावलं होतं. कानात सतत घूं घूं, ऐकू कमी येणं आणि मध्येच साखर उतरून घामाने भिजणं, हे आईने पाहिलेलं आहे. क्विनाइनमुळे शरीरात इन्शुलिन जास्त सुटतं आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते, विशेषतः गरोदर बाईची. शिवाय ते घाईने दिलं तर हृदयावर बेततं, म्हणून थेंबाथेंबाने, तासन् तास द्यावं लागतं. पण हे सगळं पेशंट खाटेवर असताना घडतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आर्टेसुनेटचं दुखणं उशिरा येतं, माणूस घरी जेवायला-खायला लागल्यावर.

घरी येऊन दोन आठवडे उलटले असतील. एका सकाळी भावाने बाथरूममधून हाक मारली, "ताई, जरा इकडे ये गं." लघवी काळ्या चहासारखी झाली होती. त्याला खिडकीपाशी उजेडात आणलं, खालची पापणी ओढली. आतली बाजू पांढरीफटक, डोळा पिवळा. तेव्हा लक्षात आलं की आदल्या दिवशी जिना चढताना तो मध्येच का बसला होता. शेजारच्या काकू तासाभरात काविळीची माळ घेऊन आल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी माळ घालू दिली नाही. सरळ गाडी काढली आणि त्याच रुग्णालयात गेलो.

तिथे जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून जात नाही. मलेरियाची तपासणी परत केली, निगेटिव्ह आली. डॉक्टर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, मलेरिया बरा झालाय, आमचं काम संपलं. कावीळ दिसतेय, लिव्हरवाल्यांना दाखवा." मी म्हटलं, तुमच्याच आयसीयूमध्ये होता, त्या औषधांचं काही असेल का? उत्तर आलं, "नेटवर वाचून येत जाऊ नका." मी काही वाचलेलं नव्हतं. मी फक्त माणूस बघितला होता, आणि त्यांनी तो बघितलाच नव्हता.

सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, याला शिरेतून कोणतं औषध दिलं होतं? शेवटचा डोस कधी?" माझ्या पिशवीत आर्टेसुनेटचं रिकामं खोकं होतं, ते पुढे केलं. त्यांनी मान हलवली आणि रक्त पाठवलं. सुटी मिळताना 10.2 असलेलं हिमोग्लोबिन 5.6 वर आलं होतं. यकृताचे बाकीचे आकडे ठीक, पण एलडीएच भरमसाट वाढलेलं. म्हणजे बिघाड यकृतात नव्हता, लाल पेशी फुटत होत्या.

त्यांनी समजावलं ते असं. आर्टेसुनेट लाल पेशीच्या आतल्या जंतूला मारतं. मेलेला जंतू पाणथरी, म्हणजे प्लीहा, पेशीतून उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. अशा पेशी फार टिकत नाहीत. आठवड्या-तीन आठवड्यांनी त्या एकदम फुटायला लागतात. सगळ्यांनाच होत नाही. मूळ आजारात ज्यांच्या रक्तात जंतू फार असतात त्यांना धोका जास्त. प्रायमाक्विनचाही संशय त्यांनी घेतला. जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असेल तर त्या गोळीनेही पेशी फुटतात, पण बहुधा काही दिवसांतच. ती तपासणी नॉर्मल आली, तरी त्यांनी तीन महिन्यांनी परत करायला सांगितली. पेशी फुटत असताना किंवा रक्त दिल्यावर ती चुकीची नॉर्मल येऊ शकते.

रक्ताच्या पिशव्या चढल्या, हिमोग्लोबिन सावरलं. भाऊ आता कामावर आहे.

ज्यांच्या घरात असा मलेरिया झालाय त्यांना माझं सांगणं. सुटी मिळताना हिमोग्लोबिन किती आहे ते आकड्यात लिहून मागा. रक्तात जंतू किती टक्के होते तेही विचारा. मग आठवड्याला एकदा, चार आठवडे, सीबीसी करा, माणूस ठणठणीत दिसला तरी. औषधाचं खोकं आणि पहिल्या-शेवटच्या डोसची तारीख जपून ठेवा. आमचं निदान त्या खोक्यामुळे झालं. मच्छरदाणी वापरा, पाणी साचू देऊ नका, हे सगळे सांगतातच. आणि डॉक्टर चिडले तरी प्रश्न विचारा. त्यांचं चिडणं सोसता येतं.

आर्टेसुनेट मात्र नाकारू नका. बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि आपल्या देशातल्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. त्यात क्विनाइन दिलेल्या शंभरातले 22 दगावले, आर्टेसुनेट दिलेल्या शंभरातले 15. माझा भाऊ वाचला तो त्याच औषधाने. पुढच्या महिन्याची जबाबदारी घ्यायला मात्र त्या रुग्णालयात कुणी नव्हतं, आणि ती घ्यायला फार काही लागत नव्हतं. कार्डावर चार तारखा लिहायच्या होत्या.

तुमच्याकडे कुणाला हे इंजेक्शन झालं असेल आणि महिन्याभरात लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, चालताना धाप लागली, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि आत शिरताच पहिलं वाक्य हेच बोला: याला आर्टेसुनेट झालंय, हिमोग्लोबिन बघा.