सबवूफरला किती वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर?

प्रश्न : गाडीसाठी १२ इंची सबवूफर घेतला. खोक्यावर ‘१२०० वॉट’ ठळक छापलंय, आत बारीक अक्षरात ‘३०० वॉट आरएमएस, ड्युअल ४ ओहम’. दुकानदार देतोय तो मोनो अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला २५० आणि २ ओहमला ४०० वॉट आरएमएसचा आहे. सबवूफर जळेल का?

उत्तर : १२०० विसरा, तो आकडा गिऱ्हाइकासाठी असतो. कॉइलला सतत सोसवते ती ताकद ३०० वॉट.

तुमच्या सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत. समांतर जोडल्या तर २ ओहम, एकसरीत ८. म्हणजे २५० चा आकडा तुमच्या कामाचाच नाही. एकसरीत जेमतेम सव्वाशे वॉट मिळतील, तेव्हा समांतरच जोडा. ४०० वॉट जास्त वाटतील, पण थोडी शिल्लक ताकद बरी. कमी वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पिळून वाजवला की लहरींचे माथे सपाट होतात, कॉइल तापते; पुष्कळ सबवूफर असेच जळतात.

गेन मात्र आवाजाचं बटण समजून फिरवू नका. सबवूफरची वायर सोडवा, बेस बूस्ट शून्यावर ठेवा, स्टिरिओवर नेहमीच्या कमाल आवाजात ५० हर्ट्‌झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसीवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला २४ व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवा. २ ओहमला तेवढ्यात साधारण २८८ वॉट होतात.

आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.