ऐकता ऐकता भूलशास्त्राचा अभ्यास

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, भूल देण्याचे काम डॉक्टरांचे. अमेरिकेत खास शिक्षण घेतलेल्या नर्सही भूल देतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. पण भूल देण्याआधीची तयारी आणि नंतर पेशंटवर नजर ठेवणे, हे सिस्टरच्या हाती असते. म्हणून आपल्या वस्तीतून नर्सिंगला गेलेल्या मुलींचा अभ्यास नोकरीनंतरही चालू राहायला हवा.

त्यासाठी पॉडकास्ट, म्हणजे मोबाईलवर ऐकायचे पाठ, सोयीचे आहेत. एकदा डाउनलोड केले की रेंज नसतानाही ऐकता येतात. आसनगावची लोकल किंवा मुरबाडची एसटी पकडणाऱ्या सिस्टरला प्रवासातच वीस मिनिटे मिळतात.

एक विषय पाहा. ऑपरेशनआधी उपाशी का ठेवतात? भुलीत घशाची राखण सुटते. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारणपणे हलके जेवण ६ तास आणि साधे पाणी २ तास बंद ठेवतात. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, जेवणात धरतात. सिस्टरने हे कारण समजावून सांगितले, तर ‘घोटभर चहाने काय होतंय’ असे नातेवाईक म्हणणार नाहीत.

ऐकताना हे लक्षात ठेवा :

१. बोलणारे कोण आणि भाग कोणत्या वर्षाचा, ते आधी पाहा.
२. प्रत्येक भागातली एक गोष्ट वहीत लिहा आणि आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा. ऐकलेल्या माहितीवरून औषधाचा डोस कधीच ठरवू नका.
३. हाताचे काम हातानेच येते. सक्शन चालते का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे रोज स्वतः तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी दिली, तीही वापरा.
४. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे क्रेडिट तास मान्यताप्राप्त प्रशिक्षणातूनच मिळवा.

घरच्यांनाही एक विनंती. ड्युटीहून आलेली सून किंवा लेक कानाला इयरफोन लावून वहीत लिहीत बसली, तर तिला ‘मोबाईल खेळतेस’ म्हणू नका. चूल तेवढा वेळ दुसऱ्या कुणी सांभाळावी. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर आपल्यातलेच कुणी असेल.